गिटारीतली बाई

मेळ्याच्या अध्यक्षांचं नाव मी इथे घेणार नाही. भीती म्हणून नाही. ते जाऊन जमाना झाला. पण नाव घेतलं की माझं डोकं फिरतं आणि मग धड काही लिहून होत नाही. ते कापसाचे अडते होते. जालन्याच्या मोंढ्यावर त्यांची आडत होती, आणि गणपतीत, नवरात्रात गावोगाव जाणारा आमचा गाण्यांचा मेळा त्यांच्या खर्चानं चालायचा. पैसा आपला म्हणजे अक्कलही आपलीच, असा त्यांचा समज होता आणि तो समज मोडायची हिंमत आमच्यापैकी एकातही नव्हती.

मी जिनिंगमध्ये वायरमन होतो. माझा थोरला भाऊ, दादा, त्या मेळ्यात गायचा. गायचा म्हणजे बाईचं गायचा. तेव्हा आमच्याकडच्या मेळ्यात बायका कुठून येणार? मिसरूड फुटल्यावरही दादाचा आवाज बारीक राहिला, त्यामुळे शाळेत असताना जे लुगडं अंगावर चढलं ते पुढे लग्न होऊन दोन लेकरं झाली तरी उतरलं नाही. नवऱ्याचं काम करणारे बदलत, बाई मात्र दादाच. बदनापूरला जा, कुंभार पिंपळगावला जा, गाडीतून उतरायच्या आत लोक विचारत, "बाई आली का?" एक गाणं फारच गाजलं होतं. गाडीवान नवरा बाजाराला जायला बैल जुंपून हाक मारतो आणि बायको आतून एकेक निमित्त काढते. पोळी करपली, जोडवं सापडंना, कोंबडी कुणी झाकायची. दादा मान वेळावून ते असं म्हणायचा की माणसं पागोटी उडवायची.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा दादाच्या घशात गाठ झाली. ऑपरेशन झालं. जीव वाचला आणि आवाज गेला. नुसता वारा यायचा तोंडातून, तोही कान जवळ नेला तरच कळायचा. अध्यक्ष भेटायला आले. मोसंबी आणली होती, ते नाकारत नाही. पण खाटेवर पडलेल्या माणसासमोर ते मला म्हणाले, "आवाज गेला, मंग माणूस मेळ्यात काय करणार रे? सतरंज्या उचलणार का? पुढच्या दसऱ्यापर्यंत पाहू. न्हाईतर दुसरी बाई पाहावी लागंल." दादा भिंतीकडे पाहत होता. मला वाटलं ती मोसंबी एकेक करून त्यांच्या टोपीवर फेकावीत.

मी त्या दिवशीच ठरवलं, दादाची मेळ्यातली जागा जाऊ द्यायची नाही. जाऊच कशी देतो! रागाच्या भरात माझ्या हातून जी दोन-चार चांगली कामं झाली त्यातलं हे एक, असं मी पुष्कळ दिवस समजत होतो.

स्टेशनातला एक गोवेकर गार्ड बदली होऊन निघाला होता. त्याच्याकडे एक विजेची हवाईन गिटार होती. मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवर फिरवायची, ती. ती मी घेतली. दादाला पेटीचे सूर पाठ होते, वर्षाच्या आत त्याचा हात बसला. पण गिटारीला पिकअप एकच. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. वरची तार थरथरली की तो ती थरथर पकडतो आणि भोंग्याकडे पाठवतो. हा पिकअप तारांच्या मध्याकडे होता, त्यामुळे आवाज भरीव, खर्जातला. अगदी पुरुषाचा. बाईचं काय?

भंगारात मला लष्करी वायरलेसची कानाला लावायची डबडी मिळाली. त्यांतली चुंबकं नि वेढे काढून मी दुसरा पिकअप बनवला आणि तार जिथे बांधलेली असते त्या टोकाशी बसवला. तिथे तार ताठ असते, आवाज बारीक येतो, थोडा नाकातला. दोन्ही पिकअप एकदम जोडून पाहिले तर ते एकमेकांना खात होते, नुसता घोंगाट. म्हणून मध्ये स्विच घातला. पितळी पात्याचा, त्याच वायरलेसमधला. खाली दाबला की नवरा, वर उचलला की बायको. एका माणसानं बसल्या जागी दोघांचं भांडण वाजवायचं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा वहिनी चूल सोडून बाहेर आल्या आणि तोंडावर पदर धरून हसू लागल्या. दादाही हसला. जरा कमी हसला, पण हसला.

अध्यक्षांनी ऐकलं. डोळे मिटून ऐकलं, बाईच्या कडव्याला मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "बराबर! बिलकुल तुझ्या भावाचीच बाई हाय ही. जादू कशात हाय रे हिची?"

"ह्या स्विचमध्ये," मी ऐटीत म्हणालो आणि झाकणाची पितळी पट्टी बाजूला सरकवून आतलं पातं दाखवलं.

"म्हंजी जीव इथं हाय तर," ते म्हणाले.

दसऱ्याला आमचा कार्यक्रम अंबडला होता, देवीच्या टेकडीखाली, दुपारी. संध्याकाळी लोक सोनं लुटायला जाणार, म्हणून त्याआधी. आम्ही आदल्या दिवशीच, खंडेनवमीला, बसनं पोचलो. खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपापली हत्यारं पुजायची आणि मग त्यांना हात लावायचा नाही, ही रीत. जिनिंगमध्ये आम्हीसुद्धा मशीन बंद ठेवून पट्ट्याला, मोटारीला हळदकुंकू लावायचो. मेळ्याची पेटी, तबला, ढोलकी धर्मशाळेत पाटावर मांडली. मधोमध गिटार. मी जरा बॅटरी भरून आणायला गेलो. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा लाऊडस्पीकर होता, आणि अंबडमध्ये बॅटरी भरून देणारा माणूस एकच, तोही सणाच्या नादात.

परत आलो तर पूजा उरकलेली. तबल्याला कुंकवाचं एक बोट, पेटीला एक बोट. आणि गिटारीची पितळी पट्टी सरकवलेली, आत हळदकुंकू तेलात कालवून थापलेलं, वर नारळाचं पाणी. अध्यक्ष हात पुसत होते.

"हे काय करून राह्यलात तुम्ही?" मी ओरडलोच.

"मशीनची पूजा वरवर करत न्हाईत रे. जीव जिथं हाय तिथं लावावं लागतंय. तूच न्हाई का दाखवलं?"

मी पुसायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. सगळे धावले. नवमीला पुजलेलं उद्याच्या विजय मुहूर्ताशिवाय उचलायचं नाही, देवीच्या गावात तर नाहीच! तबलजी म्हणाला, पेटीवाला म्हणाला, ज्याला स्विच आणि सुपारी यातला फरक कळत नव्हता तो धर्मशाळेचा राखणदारसुद्धा म्हणाला. मी म्हणालो, अहो, पात्याला तेल-पाणी चढलं तर वीज जाणार कुठून? अध्यक्ष म्हणाले, "देवीचं कुंकू हाय. त्यानं बिघडत नसतंय, सुधरतंय." मी दादाकडे पाहिलं. तो कोपऱ्यात पाय पसरून शांत बसला होता. मला त्याच्या शांतपणाचीही चीड आली.

विजय मुहूर्त दुपारचा. म्हणजे पाटावरून गिटार उचलली ती थेट मंचावरच. माणसं दाटीवाटीनं बसलेली, बायका एका बाजूला, पोरं झाडांवर. अध्यक्षांनी माईक हातात घेऊन भाषण ठोकलं, की आमच्या बाईचा गळा गेला असं कुणी म्हणत असंल तर त्यानं आज ऐकावं. मग माईक दादाच्या गिटारीजवळ ठेवून ते समोर पहिल्या सतरंजीवर जाऊन बसले. मी तार जोडली. दादानं कांडी तारांवर ठेवली.

भोंग्यातून आलं ते कढईत मोहरी तडतडावी तसं. चर्र, फट्, चर्र. स्विच खाली, स्विच वर, तेच. लोक हसले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी पट्टी काढली. पात्यावर हिरवट-पिवळा लगदा वाळून बसला होता. चाकूनं खरवडलं, पातं जरा वाकवलं, आणि ते बुडातून तुटलं. तुटणारच. आधीच वायरलेसमधलं जुनं, झिजलेलं पितळ, त्यात रात्रभर नारळाच्या पाण्यात.

आता डाग देऊन नीट जोडायला वेळ नव्हता. एकच करता येत होतं. स्विच मधून काढून टाकायचा आणि एका पिकअपची तार सरळ भोंग्याच्या तारेला पिळून द्यायची. म्हणजे दोघांपैकी एकच आवाज उरणार. अध्यक्ष मंचाजवळ येऊन कुजबुजले, "जल्दी कर. बाईची जोड. लोक बाईसाठी आले. नवऱ्याचं पेटीवाला म्हणंल."

मलाही तेच वाटत होतं, हे आधी सांगतो. दादाची जागा म्हणजे बाईची जागा, तीच वाचवायला तर एवढा खटाटोप. मी बारीक पिकअपची तार चिमटीत धरली. दादानं माझं मनगट धरलं. त्यानं माझी बोटं त्या तारेवरून सोडवली आणि दुसऱ्या तारेवर ठेवली. नवऱ्याच्या.

"अरे, ही न्हाई, ती," अध्यक्ष म्हणाले. दादानं मान हलवली. माझ्याकडे असं पाहिलं, की मी आयुष्यात त्याला इतकं ठाम कधी पाहिलं नव्हतं. आणि अध्यक्षांवरचा माझा राग इतका पेटला होता, की ते नको म्हणतात एवढंच कारण मला पुरलं. मी नवऱ्याची तार पिळून टाकली.

दादानं गाडीवानाचं कडवं वाजवलं. भरीव, मोकळा आवाज टेकडीवर जाऊन परत आला. बैल जुंपलेत, ऊन चढतंय, चल की. लोकांना गाणं पाठ. ते ओळखून सरसावून बसले. बायकोचं कडवं आलं. दादानं कांडी उचलली आणि हात मांडीवर ठेवून तेवढा वेळ नुसता बसून राहिला. पेटीवाला गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. तबला एकटा चालू. मग पुन्हा गाडीवान. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही. पहिल्यांदा लोक हसले, त्यांना ती गंमत वाटली. तिसऱ्या हाकेला कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूला एक तान्हं रडत होतं तेवढंच.

अध्यक्षांना मात्र राहवलं नाही. उभे राहून ओरडले, "अरे, बाई कुठाय? बाई वाजव!"

दादा पुढे वाकला. माईक गिटारीपाशीच होता. ऑपरेशन झाल्यापासून वहिनींशिवाय आणि माझ्याशिवाय त्याचा शब्द कुणी ऐकला नव्हता. तो त्याचा वारा भोंग्यातून सगळ्या मैदानावर गेला.

"बाई न्हाई," तो म्हणाला. "मी हाय."

आणि त्यानं राहिलेलं गाणं वाजवून संपवलं.

अध्यक्षांनी त्याला मेळ्यातून काढलं, तिथल्या तिथे, सोनं लुटायच्या आधी. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो, चौघांनी मला धरलं. जे तोंडाला येईल ते बोललो. एवढ्या वर्षांची बाई तुम्हाला फुकट मिळाली, आणि आता त्याची जागा हिसकावता? दादा गिटार फडक्यात बांधत होता. त्यानं मला बाजूला ओढलं, तोंड माझ्या कानाशी आणलं. मला वाटलं शांत हो म्हणेल.

"लुगडं नेसवलं तेव्हा मी सातवीत होतो," तो म्हणाला. "रडलो होतो. आवाज गेला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, सुटलो. आन् तू डबडी फोडून ती बाई परत बनवून आणली."

"मंग सांगायचं न्हाई का?" मी त्याच्यावरच खेकसलो. "वर्षभर मी तारा गुंडाळत होतो, तू समोर बसून होतास!"

"तू इतका रागात होता," तो म्हणाला, "की मला वाटलं, माझ्यासाठी कुणीतरी रागावलंय, तर रागावू द्यावं."