आतोबांनी सॉफ्टवेअर घेतलं

महाडच्या बाजारपेठेत स्वस्त वस्तू शोधत फिरणारी माणसं पुष्कळ आहेत, पण स्वस्त वस्तूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून तिची उलटतपासणी घेणारा माणूस सबंध तालुक्यात एकच आहे; तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, माझे आतोबा. छत्री घ्यायची तर ते ती दुकानदारासमोरच नळाखाली धरून पाहतात. गादी घ्यायची तर दुकानातच दुपारची झोप काढतात आणि उठल्यावर ‘डाव्या कुशीला बरी हाय, उजव्या कुशीला नाय’ असा निकाल देऊन रिकाम्या हातानं घरी येतात. एकदा नव्या चपला पारखायला म्हणून त्या घालून थेट एसटी स्टँडपर्यंत फेरी मारून आले. दुकानदार मागे धावला नाही. ‘जुन्या चपला माझ्याकडं ठेवून गेलेत,’ तो मला म्हणाला, ‘त्या सोडून हा माणूस कुठं जायचा नाय.’ दुकानदार त्यांना भितात ही अफवा आहे. खरं तर सगळ्यांना त्यांची सवय झाली आहे, आणि आठवडाभर ते बाजारात दिसले नाहीत तर ‘बरे आहेत ना?’ अशी चौकशी आत्याकडे होते.

एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यावर आतोबांनी पितळेची जुनी भांडी गोळा करायला सुरुवात केली. आमच्या डोंगरवाड्यांमधलं निम्मं घर मुंबईला असतं. गावच्या घरावर स्लॅब पडतो, स्वयंपाकघरात स्टील येतं आणि हंडे, कळशा, पराती मोडीत जातात, म्हणजे वितळवायला. ज्या भांड्यांनी बायकांच्या दोन पिढ्यांच्या कमरा मोडल्या, त्यांची किंमत शेवटी तराजूच्या काट्यावर ठरते, याचा मला संताप येतो आणि तो मी वेळोवेळी पत्रकांत छापून वाटतेही. आतोबा काही छापत नाहीत. ते मोडवाल्याकडून भांडं सोडवून आणतात, चिंचेनं घासून लखलखीत करतात आणि इंटरनेटवर लिलावाला लावतात. आत्याच्या आमटीत हल्ली कायम कोकम असतं, कारण घरातली चिंच हंड्यांना लागते.

भांडी वाढली तसे लिलाव वाढले. प्रत्येकाचे फोटो वेगळे, वजन वेगळं, बोली बंद होण्याची वेळ वेगळी. पोलादपूरला एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत आतोबांनी मोबाइलमध्ये पाहिलं आणि ‘अरे थांबा, थांबा!’ असे ओरडले. भटजी खरोखर थांबले. मुलीकडच्या लोकांचे चेहरे पांढरे पडले. चुकून दुसऱ्याच भांड्याचा फोटो लागलेल्या एका परातीवर कुणीतरी बोली चढवली होती, एवढंच. घरी परतताना आत्यानं बजावलं, ‘हे सगळं सांभाळणारं काहीतरी घ्या, नायतर यापुढं लग्नांना मी एकटी जाईन.’ तेव्हा आतोबा सॉफ्टवेअर घ्यायला निघाले. म्हणजे ज्या नजरेनं छत्री घेतात त्याच नजरेनं.

अशी सॉफ्टवेअरं ढिगानं मिळतात. एकदा माहिती भरली की ती वस्तू आपोआप लिलावाला लावतात, न विकलेली पुन्हा लावतात, सगळ्या बोली एका ठिकाणी दाखवतात. पण बहुतेकांना दरमहा पैसे मोजायचे. आयुष्यभर देत राहायचं आणि मालकी कधीच आपली नाही. याला आमच्या कोकणात खोती म्हणत आणि ती मोडायला कुळं उभी राहिली होती, असं मी आतोबांना ठणकावून सांगितलं. त्यांना मी एक मुक्त सॉफ्टवेअर बसवून दिलं. जगभरच्या लोकांनी एकमेकांसाठी फुकट लिहिलेलं, कुणा शेटजीच्या मालकीचं नसलेलं. आतोबांनी ते मन लावून वापरलं आणि मग माझ्यासमोर चष्मा काढून ठेवला.

‘तुझं तत्त्व बरं हाय गो. पण अडलं तर फोन कोणाला करायचा? तुझ्या तत्त्वाला नंबर नाय.’

मग त्यांनी मोर्चा नंबर असलेल्या कंपन्यांकडे वळवला. प्रत्येक कंपनी सुरुवातीला काही दिवस फुकट वापरू देते. आतोबा ती मुदत उसाच्या चिपाडासारखी पिळून काढत आणि संपली की पुढच्या कंपनीकडे जात. सॉफ्टवेअर बरं की वाईट हे ते फोन उचलणाऱ्या माणसावरून ठरवत. एका कंपनीला त्यांनी भर जेवणाच्या वेळी फोन केला; तिनं उचलला नाही म्हणून ती नापास. दुसरीनं उचलला म्हणून नापास. ‘पोरांना जेवायला पण सोडत नाय,’ ते म्हणाले. हे मात्र मला तंतोतंत पटलं.

असं गाळता गाळता पुण्याची एक कंपनी उरली आणि तिथली फोनवरची एक ताई. तिचं आणि आतोबांचं पहिलं भांडण मी स्वतः ऐकलं आहे. आमच्याकडे भांडं घेतलं की त्यावर बारीक ठिपक्यांनी घरच्या बाईचं आणि गावाचं नाव घालून घेतात. म्हणजे कार्याला शेजारी नेलेलं भांडं फिरून आपल्याच घरी येतं. आतोबांनी ही नावं सॉफ्टवेअरमध्ये ‘ब्रँड’च्या रकान्यात भरली होती.

‘सर, ब्रँड म्हणजे बनवणारी कंपनी,’ ताई म्हणाली. ‘तुम्ही तिथे चंद्राबाई, बिरवाडी असं लिहिलंय.’

‘हंड्यावर तेच हाय.’

‘पण चंद्राबाईंनी हंडा बनवला नाही ना, सर.’

‘अहो ताई, बनवणाऱ्यानं एकदा बनवला नि सुटला. रोज नदीवरनं भरून कोणी आणला?’

मग ताई म्हणाली, ‘राहू दे, सर.’ आतोबांनी फोन ठेवला आणि मला सांगितलं, ‘ही कंपनी बरी हाय.’

या रकान्यामुळेच पुढचं घडलं. मुंबईच्या एका बाईंनी सहज आपल्या आईचं आणि गावाचं नाव इंटरनेटवर टाकलं, आणि समोर आतोबांचा हंडा उभा राहिला. त्यांनी साइटवरून निरोप पाठवला: ‘हा माझ्या आईचा हंडा आहे. भावानं घर बांधताना मोडीत घातला, मला माहीत नव्हतं. आईचं दुसरं काही उरलेलं नाही. मी बोली लावते आहे, पण याच्या पुढे मला झेपणार नाही.’ कारण नावाच्या जागी नुसते आकडे असलेलं कुणी एक गिऱ्हाईक त्यांच्यावर सारखी चढी बोली लावत होतं. लिलाव त्याच दिवशी संध्याकाळी पाचला बंद होणार होता.

‘लिलाव रद्द करा, आतोबा,’ मी म्हटलं.

‘वा गो! जेवायला बसवून ताटावरनं उठवायचं?’

‘मग तिच्या आईचा हंडा कुणाच्या तरी बंगल्यात कुंडी म्हणून जाऊ दे?’

घाटाच्या पायथ्याला असलेल्या त्यांच्या गावात पालखीच्या मानाच्या नारळाचा लिलाव होतो, आणि तो वर्षानुवर्षं तेच पुकारतात. तिथे एक रीत आहे. कुणाच्या घरी कारण असलं, लेकरू झालं असेल किंवा कुणी मोठ्या दुखण्यातून उठलं असेल, तर पुकारणारा ते कारण मोठ्यानं सांगतो. मग त्या घरावर कुणी बोली चढवत नाही. सक्ती नसते. फक्त सांगितलेलं असतं.

‘या लोकांना कोणी सांगितलंच नाय,’ आतोबा म्हणाले आणि त्यांनी ताईला फोन लावला. बोली लावणाऱ्या सगळ्यांना एकदम निरोप धाडायची सोय होती, पण फुकटची मुदत सकाळीच संपली होती. ‘ती सोय आता पैसे भरणाऱ्यांनाच आहे, सर,’ ताई चाचरत म्हणाली.

‘भरतो. आत्ताच.’

आत्या आत भाकरी थापत होती, तो आवाज थांबला. ताईनंही विचारलं, ‘सर, तुम्ही बरे आहात ना?’

निरोप लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी जीव ओतून लिहिला. कष्टकरी स्त्रीचा इतिहास, भंगाराची बाजारपेठ, वारसा म्हणजे काय, सगळं त्यात आलं. आतोबांनी तो शेवटपर्यंत वाचला. ‘हे पत्रक झालं,’ ते म्हणाले. ‘हे वाचून माणूस भांडायला येईल. पुकारा असा नसतो.’ आणि त्यांनी एका बोटानं स्वतः टाइप केलं: ‘हा हंडा बिरवाडीच्या चंद्राबाईंचा. त्यांची लेक बोली लावत आहे. बाकी आपली मर्जी.’

लेकीनं शेवटची बोली लावली. मग आम्ही तिघं त्या पडद्यासमोर बसून राहिलो. आत्याच्या हाताचं पीठ वाळून गेलं. तो आकड्यांचा माणूस कोण होता, कुठला होता, त्याला मराठी तरी येत होतं का, आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. पाच वाजेपर्यंत त्यानं पुन्हा बोली चढवली नाही, इतकंच कळलं.

पुढच्या रविवारी त्या बाई हंडा न्यायला स्वतः आल्या. चहा विसरून त्या हंड्याच्या काठावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवत बसल्या. ‘आईचं नाव मला यावर वाचूनच कळलं होतं, लहानपणी,’ त्या म्हणाल्या. ‘घरात, गावात सगळ्यांची ती वहिनी, काकी, कुणाची तरी आई. नावानं तिला हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.’ आतोबा आणि मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. हंडा मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसल्या आणि गाडी हायवेला लागली.

परत येताना वाटेत काकड्या विकणाऱ्या बाईला आतोबांनी भावसुद्धा विचारला नाही. तीच बिचारी त्यांच्याकडे काळजीनं पाहत राहिली. घरापाशी आल्यावर ते अंगणातच थांबले. लग्न झाल्यापासून त्यांनी आत्याला ‘अगो’ याखेरीज दुसरी हाक मारलेली कुणाला आठवत नाही. त्यांनी घसा खाकरला, इकडे तिकडे पाहिलं आणि लिलाव पुकारायच्या आवाजात, पण जरा अडखळत, हाक मारली, ‘सुमन!’

आत्या ओल्या हातांनी लगबगीनं बाहेर आली आणि आमच्या मागे रस्त्यावर पाहू लागली.

‘कोण आलंय?’ तिनं विचारलं.