आजींचं निळं कार्ड

जर्मनीतल्या इंगोलश्टाटमधले ते शनिवार मला अजून आठवतात. आमच्या खालच्या मजल्यावर एक जर्मन आजी राहायच्या. त्या व्हीलचेअरवर असायच्या, म्हणून दर शनिवारी मी त्यांना माझ्या गाडीतून सुपरमार्केटला न्यायचे. अपंगांच्या जागेत गाडी लावून त्यांचं निळं कार्ड काचेमागे ठेवायचे.

एकदा खरेदी करून बाहेर आलो, तर पार्किंगवाला काचेवर दंडाची पावती लावत होता. मला म्हणाला, "गाडी चालवणारी तर धडधाकट दिसते."

मी तेव्हा नवखी होते. आजींना म्हणाले, "जाऊ द्या, मी भरून टाकते."

"नाइन, अजिबात नाही," आजी म्हणाल्या. "कार्ड गाडीचं नाही, माझं आहे. मला आत घेऊन चला."

आत त्यांनी मॅनेजरला शांतपणे सगळं सांगितलं. त्याने कार्ड पाहिलं, माफी मागितली आणि पावती रद्द केली.

परतताना आजी म्हणाल्या, "आता मला 'डू' म्हणत जा." म्हणजे अहोजाहो सोडून अगंतुगं. माझ्या सख्ख्या आजीशी मी तशीच बोलायचे, त्यामुळे मला ते लगेच जमलं. पुढच्या शनिवारपासून आमची खरेदी कमी आणि गप्पाच जास्त होऊ लागल्या.