दहाच्या वर एक आमरी

वनस्पतिशास्त्राच्या विभागात माणसं तीन आणि किस्से तीनशे, असं आमच्या कॉलेजात म्हणत. मी तिथला नव्हे. मी मराठी शिकवायचो, दोन इमारती पलीकडे. पण माझी बायको नलिनी त्या विभागात होती, आणि रविवारच्या भटकंतीत वनस्पती दाबायची लाकडी प्रेस उचलायला कोणीतरी लागायचं. त्यामुळे किस्से माझ्याकडेही साठत गेले. ती गेल्यावर त्यातले बरेच सांगायला मी एकटाच उरलो आहे.

*

लग्नानंतरचा पहिला पावसाळा. संगमनेरात आमच्याकडे सकाळी सातला पेपर यायचा, आणि मी अंघोळ करून येईपर्यंत नाहीसा व्हायचा.

"आजचा पेपर कुठंय?"

"प्रेसमध्ये."

मला वाटलं, छापखान्यात परत गेला! नंतर कळलं, गोळा करून आणलेली रोपं पेपरात घालून प्रेसमध्ये आवळतात आणि ओल शोषली जावी म्हणून पेपर रोज बदलतात. कालचे पुरेनात म्हणून आजचाही जायचा. विधानसभेचा निकाल मी आठवड्याने वाचला, तोही एका नेच्याच्या पानाखालून. कोणाचं सरकार आलं तेवढं दिसत होतं. मुख्यमंत्र्यांच्या नावावर डाग पडला होता.

आता पेपर कोरडा असतो. साडेसातला वाचून होतो.

*

विभागप्रमुख प्रधान सर. वाळलेलं रोप कागदावर चिकटवलं की कोपऱ्यात लेबल लावतात: नाव, ठिकाण, समुद्रसपाटीपासून उंची, गोळा करणाऱ्याचं नाव, तारीख. या लेबलापुढे सरांना देवही दुय्यम.

एका मुलाने मित्राने आणलेल्या रोपावर स्वतःचं नाव घातलं. सरांनी सगळ्या वर्गादेखत तो कागद फाडला. "ज्यानं हातानं उपटलं त्याचं नाव! उपटलं त्या दिवसाची तारीख! बाकी सगळं गॉसिप!"

विभागातले तरुण प्राध्यापक शेळके लग्नाची पत्रिका घेऊन सरांकडे गेले. सरांनी ती चष्मा वर करून नीट वाचली आणि परत दिली.

"ठिकाण आहे, तारीख आहे. उंची राहिली की हो!"

शेळक्यांनी खरंच पेनाने उंची लिहून दिली. ती पत्रिका अजून विभागाच्या कपाटात आहे.

*

नलिनीचा नियम वेगळा. एका जागी दहाच्या वर रोपं असतील तरच एक उपटायचं. दहा किंवा कमी असतील तर नुसतं बघायचं, टिपून घ्यायचं आणि परत फिरायचं.

अकोले तालुक्यात, घाटघरच्या अलीकडे एका वाडीत ठकूबाईंचं भाताचं खाचर आहे. त्याच्या खालच्या अंगाला बारा महिने पाझर असतो. एका ऑक्टोबरात नलिनीला तिथे चिखलात उभ्या असलेल्या चार काड्या दिसल्या. जमिनीवर उगवणारी आमरी, म्हणजे ऑर्किड. फुलं होऊन गेलेली, नुसती बोंडं राहिलेली. आणि आमरीचं नाव फुलाशिवाय ठरत नाही.

"उपट ना एक," मी म्हणालो. "पंचवीस कोस आलोय!"

"चारच आहेत," ती म्हणाली, आणि एक बोंड तेवढं खुडून घेतलं.

ठकूबाई बांधावरून बघत होत्या. "बाई, एवढ्या लांबनं येऊन येक बोंड न्हेता व्हय? आमच्यात मुंग्या यापरीस जास्त न्हेतात!"

नलिनीने त्यांना नियम सांगितला. ठकूबाईंनी दोन्ही हातांची बोटं पसरून बघितली. "म्हंजे बोटं संपली की मग येक?"

"हो. आणि फूल आलं की मला कळवा."

त्या बोंडाचा कागद विभागात लागला. नावाची जागा कोरी. नलिनी दर सोमवारी कपाट उघडून तो बघायची आणि बंद करायची.

*

पुढच्या वर्षी घाटात दरड आली आणि एसटी राजूरलाच थांबली. त्यापुढच्या वर्षी शेळक्यांना घेऊन आम्ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलो. पाझरापाशी ठकूबाईंचा गोऱ्हा उभा होता. शिंगांना कालचा रंग आणि तोंडात पांढरं काहीतरी.

नलिनी धावली. चिखलात पाय रुतला, चप्पल आत राहिली. पोचेपर्यंत गोऱ्ह्याने शेवटचं फूलही गिळलं होतं!

ठकूबाई ओशाळल्या. "बाई, त्याला काय ठावं तुमी अजून नाव ठेवलं न्हाई म्हनून!"

परतीच्या गाडीत शेळके म्हणाले, "मॅडम, गोऱ्ह्यालाच प्रेसमध्ये घालू या का?" नलिनी इतकी हसली की कंडक्टर मागे बघायला लागला. एका पायात चप्पल नसलेली, हसणारी, अशी ती मला फार वेळा आठवते.

*

त्यानंतरच्या माघात ती गेली. आजारपण तीन आठवड्यांचं.

दहाव्याला विभाग भेटायला आला. प्रधान सर तिच्या फोटोसमोर बसले. सर घसा साफ करून पुढे वाकले. मला वाटलं, आता काही समजुतीचं बोलतील.

"या हारातल्या शेवंतीवर मावा पडलाय," सर म्हणाले.

शेळक्यांनी त्यांना कोपराने ढोसलं. सर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. त्यांचा चष्मा ओला झाला होता. मला हसू आलं. दहा दिवसांतलं पहिलंच. तिथे नलिनी असती तर तिनेही आधी तेच बघितलं असतं.

*

त्या साली भादव्यात, एका दुपारी, दारात घाटघर गाडीचा कंडक्टर उभा. हातात जेवणाचा डबा, कडी सुतळीने बांधलेली.

"बाई हायेत का? वाडीच्या ठकूबाईनं दिलंय. आज सकाळीच उपटून बांधलंय, झाकण लगेच उघडा म्हनली." त्याने आठवून पुढचा निरोप म्हटला. "तिनं गेल्या साली तितं चौफेर काट्या लावल्या. गुरं जात न्हाईत. आन् बाईंना म्हनावं, बोटं संपली आन् वर येक उरलं. दोनदा मोजलंय."

वाडीला कोणी कळवलंच नव्हतं. माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"द्या," मी म्हणालो. "पोचवतो."

डबा सायकलच्या हँडलला लावून मी विभागात गेलो. आत ओलं शेवाळ, त्यात कंदासकट रोप, आणि पांढरी फुलं. पाकळीच्या कडेला कातरल्यासारखी झालर, मागे लांब बारीक सोंड. शेळके भिंग घेऊन बसले. जाड पुस्तकं उघडली, मिटली. तासाभराने ते म्हणाले, "सर, ठरलं."

प्रधान सरांनी कपाटातून बोंडाचा तो कागद काढला आणि कोऱ्या जागी नाव लिहिलं. मग आजच्या रोपासाठी नवं लेबल घेतलं. नाव. ठिकाण. उंची. गोळा करणाऱ्याच्या नावापाशी त्यांनी लिहिलं, 'ठकूबाई'.

पेन थांबलं. शेळके माझ्याकडे बघत होते, मी डब्याकडे.

सरांनी पुढे लिहिलं, 'आणि नलिनी कानडे'. खाली तारीख घातली.

"सर," शेळके हळूच म्हणाले, "तारीख... मॅडम तर माघातच..."

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"आजचीच आहे."