तारांची आवराआवर

चांगल्या चालत्या यंत्राच्या सगळ्या तारा मी एका दुपारी उपटून काढल्या. का, तर त्या नीटनेटक्या दिसत नव्हत्या! एवढं अचाट शहाणपण विशीतच सुचायला नशीब लागतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. परळच्या एका गिरणीच्या कचेरीत कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या छापणारं यंत्र होतं. भोकं पाडलेली कार्डं ते वाचायचं. कुठल्या भोकाचं काय करायचं, हे त्याला तारा खोचलेला एक बोर्ड सांगायचा. माझी नात आज संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते; आम्ही ते तारांनी लिहायचो. कार्डांना भोकं पाडायला मुली होत्याच, पण बोर्डाच्या खोलीत पाऊल ठेवणारी मी पहिली. तीही बोलीवर: जमलं तर राहा, नाहीतर परत भोकं पाडा.

मी गिरगावच्या चाळीतली, घडीवर घडी बसवणारी. बोर्डाचं काम बघणारे साहेब जेवायला गेले आणि मी तारा रंगवार लावायला घेतल्या. कुठली कुठून काढली ते लक्षात राहील, ही खात्री. शाळेत पाठांतरात पहिली होते ना! बोर्ड असा सुरेख दिसायला लागला म्हणता! यंत्र चालू केलं, तर चिठ्ठीवर नावाच्या जागी हजेरी आणि पगाराच्या जागी काहीच नाही.

साहेब परतले. "अहो बाई, ही काय रांगोळी घातलीत?"

"आवरत होते, साहेब."

"काढण्याआधी कागदावर उतरवून घेतलंत?"

"तुमच्याकडे असेल ना चित्र?"

"माझ्याकडे कशाला असेल? बोर्ड चालत होता!" साहेबांनी घड्याळ पाहिलं. "उद्या हरताळ आहे. चिठ्ठ्या आजच निघाल्या पाहिजेत. नाही निघाल्या, तर परवा तुम्ही शेजारच्या खोलीत, भोकं पाडायला."

त्या खोलीतून माझी लालबागची मैत्रीण डोकावली. "अगो, ता जाळा गुंतलेला नव्हता, विणलेला होता!" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून पळाली.

रडायला वेळ नव्हता. मी बोर्ड पुरता रिकामा केला. एका कामगाराचं जुनं कार्ड आणि त्याची बरोबर छापलेली चिठ्ठी समोर ठेवली. एक तार खोचायची, ते कार्ड घालायचं, काय छापतंय ते बघायचं. जुळलं की लगेच कागदावर तिचं चित्र. नाही जुळलं, तर तेवढीच काढायची. साहेबांना धीर धरवेना.

"चार-पाच एकदम खोचा की! वेळ वाचेल."

"नको साहेब. बिघडलं, तर कुठलीचा कान धरायचा?"

असं साहेबांना बोलले मी! अजून आठवलं की मान ताठ होते.

नात परवा मला शिकवत होती, "आजी, आमच्यात जुन्याची प्रत ठेवल्याशिवाय नव्याला हात लावत नाहीत. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल तपासून." मी आपली मान डोलावली. म्हटलं, हो का गं, किती हुशार तुम्ही!

दिवेलागणीला चिठ्ठ्या धडाधड छापून यायला लागल्या. रस्त्यावर घोषणा चालल्या होत्या, आत मी तारांचं चित्र पुरं करत होते. साहेबांनी ते हातात घेतलं आणि बोर्डाशेजारी भिंतीवर खिळ्याने ठोकलं. म्हणाले, "बाई, परवापासून या खोलीत ज्याला तारेला हात लावायचा असेल, त्याने आधी चित्र काढून तुम्हाला दाखवायचं. मीसुद्धा."