याला काही विकू नये

"हे ‘विकू नये’ काय आहे? मले सांग, ‘विकू नये’ म्हणजे काय आहे?" मुलाखती घ्यायला आलेले कंपनीचे साहेब ओरडत होते. "शंभर माणसांची यादी मागितली होती, तू नकारांची यादी आणली का? नोकरीले आली का आमची कंपनी बंद कराले आली?"

आवाज असा की कूलरमधलं पाणी घाबरून ओसरलं असावं, कारण त्यानंतर दिवसभर तो नुसती गरम हवा फेकत राहिला. आम्ही बेचाळीसजण बाकांवर ताठ बसलो होतो. टेबलासमोर उभी होती आमच्या वर्गातली पहिली, रोज कळमेश्वरहून एसटीनं येणारी. तिचा बाप तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला. तिच्या हातात नुसतं पेन होतं, कारण कागद साहेबांच्या हातात फडफडत होता.

"सर, पुस्तकात असंच आहे," ती म्हणाली.

"पुस्तक घाल चुलीत!"

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. मला पहिल्या बाकावर जागा मिळाली होती, ती वाया कशाला घालवायची.

आता हे काय चाललं होतं ते सांगतो. वाणिज्य शाखेत आम्ही ‘फायनान्शियल प्लॅनिंग’ शिकत होतो, मराठीत वित्तीय नियोजन. विभागाच्या दारावर टाय लावलेल्या एका तरुणाचं पोस्टर होतं. तो काचेच्या इमारतीकडे असा बघत होता की जणू ती त्याच्या सासऱ्याची आहे. खाली पुढच्या पदांची नावं होती: संपत्ती सल्लागार, निवृत्ती नियोजक, वेल्थ मॅनेजर. मी त्या टायसाठी प्रवेश घेतला. ती मात्र शिकायला आली होती. माणसानं आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, मग कमावत्याचा विमा काढावा, उरलं तर गुंतवावं, आणि सल्लागारानं आपल्या कमिशनाआधी समोरच्याचं हित बघावं, हे तीन वर्षं फळ्यावर लिहिलं जात होतं. आम्ही वहीत उतरवत होतो. तिनं ते खरं धरलं.

शेवटच्या वर्षी मुलाखती घ्यायला एकच कंपनी आली, विम्याची. तीन वर्षांत शिकवलेल्यातला एकही प्रश्न कंपनीनं विचारला नाही. प्रत्येकाला शंभर ओळींचा एक छापील कागद दिला. नाव, नातं, वय, कमाई, आणि शेवटी ‘शेरा’. या धंद्यात नव्या माणसाची हुशारी बघत नाहीत, त्याचे नातेवाईक मोजतात. नवा पोरगा आधी काका-मामांना विकतो. काका-मामा संपले की तो गळतो. मग नवे काका-मामा असलेला नवा पोरगा घेतात.

माझी यादी मी अकरा मिनिटांत भरली. त्यात चौदा मेलेले होते, एक अजून जन्माला यायचा होता, आणि तीन नावं मी कॉलेजच्या देणगीदारांच्या फरशीवरून उतरवली होती. साहेबांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! याले म्हणतात गोतावळा!"

तिच्या यादीत शंभरच्या शंभर जिवंत. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ती प्रत्येक नातेवाइकाच्या घरी गेली होती, पत्र्याच्या पेट्या उघडायला लावून एकेकाचे कागद वाचून आली होती. त्यामुळे शेऱ्याच्या रकान्यात तिनं एकेकाची नाडी लिहिली होती. एक्याण्णव नावांपुढे वेगवेगळी कारणं आणि शेवट एकच: याला सध्या काही विकू नये. उरलेल्या नऊंपुढे लिहिलं होतं: गरज आहे, छोट्या हप्त्याचा साधा विमा द्यावा.

साहेबांनी ती यादी वर्गासमोर वाचायला घेतली, एकेक नाव चढ्या आवाजात, लग्नात आहेर पुकारतात तशी.

"मोठे मामा. मुक्काम खापा. कापडदुकान. बँकेत रक्कम पडून आहे, पण पोरीच्या लग्नाची. विकू नये!"

हशा.

"चुलतभाऊ. दोन पॉलिस्या आधीच फसवून गळ्यात मारलेल्या. विकू नये!"

हशा.

"आत्या. कोणीही काहीही विकलं तर घेते. जपून. विकू नये!"

इथे आमच्या मागच्या बाकावरचा एकजण हसता हसता खाली पडला. त्याला उचलायला गेलेलाही पडला. ती पेनचं टोपण लावत होती आणि काढत होती.

आमच्या विभागप्रमुख मॅडम मऊ मनाच्या होत्या, आणि मऊ मनाची माणसं कधी कधी जास्त लागेल असं बोलतात. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, एक संधी द्या तिला. तीन वर्षं तिची फी मामांनी भरलीय. निकालापर्यंत नोकरी लागली नाही तर ते तिला खाप्याच्या दुकानात गल्ल्यावर बसवणार आहेत. कायमची. बोलणंच झालंय तसं." तोपर्यंत हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हतं. तिची मान पहिल्यांदा खाली गेली ती तेव्हा.

साहेबांनी उदार होऊन हात झटकले. "ठीक आहे. पगारी खुर्ची एकच आहे. बाकी सारे कमिशनवर. पंधरा दिवस देतो सगळ्यांले. ज्याच्या फॉर्मांवर सगळ्यात जास्त हप्ता जमंल, त्याची खुर्ची. हिची जमली तं हिची."

आणि यादी त्यांनी टेबलावरून भिरकावली. ती घसरून माझ्या बाकाखाली आली. मी वाकलो, उचलली आणि दोन्ही हातांनी अदबीनं तिला दिली. तिनं "थँक्यू" म्हटलं. वाकलेलो असताना मी मोबाइलवर त्या कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले होते.

मे महिना होता. नागपूरचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगतो की त्या वर्षी माझ्या गाडीची सीट तापून मला अशी चिकटली की घरी गेल्यावर आईनं आम्हा दोघांना मिळून ओवाळलं. माझे स्वतःचे नातेवाईक तीन दिवसांत संपले. जिवंत ब्याऐंशींपैकी ऐंशींनी मी चप्पल काढायच्या आत "पैसे नाहीत" म्हटलं, कारण ते मला ओळखत होते. उरलेले दोघं घरी नव्हते.

तिचे नातेवाईक मला ओळखत नव्हते. आणि ती यादी म्हणजे कुठल्या घरात काय आहे याचा नकाशाच होता. जिथे ‘पडून आहे’ लिहिलं होतं तिथे मी आधी गेलो. तिनं पाठवलं असं मी एकाही दारात म्हटलं नाही. मी म्हणायचो, "मी तिच्याच वर्गातला." पुढचं ते स्वतःच समजून घ्यायचे आणि पंखा माझ्याकडे वळवायचे. आत्यानं तर पाण्याचा गडू आणायच्या आधी सही केली. मग विचारलं, "कायचं आहे गा हे?"

ती त्याच उन्हात त्या नऊ घरांच्या पायऱ्या चढत होती. नऊपैकी दोघांनी फॉर्म भरले, तेही एवढ्या लहान हप्त्याचे की साहेबांनी ते चिमटीत धरून पाहिले म्हणे. बाराव्या दिवशी त्या नऊंपैकी फक्त तिची काकू राहिली होती, कळमेश्वरलाच, तिच्या घरापासून दोन गल्ल्या. काका मालाचा टेम्पो चालवायचे. यादीत शेरा होता: काकांच्या नावानं विमा हवा, छोट्या हप्त्याचा. बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लावू नये. ते पैसे काकूनं हिच्याच सांगण्यावरून दोन वर्षं डाकघरात थोडे थोडे टाकले होते.

ती फाइल घेऊन दारात आली तेव्हा मी आत बसून पोहे खात होतो. दुसरी प्लेट.

"ये वं, ये," काकू म्हणाली. "पाय, तुह्या कॉलेजातला पोरगा आला. घंटाभर झाला बसून हाय, पण उठ म्हणावं वाटत नाही, इतकं गोड बोलते."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. चटईवरच्या फॉर्मकडे पाहिलं, मोठ्या हप्त्याच्या गुंतवणुकीच्या पॉलिसीचा होता तो. "काकू, हे कोणत्या पैशातून भरून राहिली?"

"तेच. डाकघरातले."

"ते काढू नको म्हटलं होतं ना मी? काकांची गाडी बंद पडली तं? दवाखाना लागला तं?"

"पाहा!" काकू माझ्याकडे वळली. "दोन वर्षं झाले, जवा येते तवा हेच. काका पडले तं काय करशील, काका मेले तं काय करशील. कुंकवाच्या बाईले कोणी असं बोलते का? आन् हा पोरगा आल्या आल्या काय म्हणला मालूम हाय? म्हणे काकू, तुमच्या पोराच्या लग्नात तुम्हाले हिऱ्याची नथ घेऊ!"

"पाच वर्षं हे पैसे निघणार नाहीत. विचार त्याले."

काकूनं विचारलं. "काहून गा, निघत नाहीत का?"

मी प्लेट खाली ठेवली. अशा वेळी तोंडात घास असू नये. "काकू, निघाले असते तं तुम्ही आजवर ठेवले असते का? कधी फ्रीज आला असता, कधी कोणाचं बारसं. निघत नाहीत म्हणून तं वाढतात."

"हे पटलं मले," काकू म्हणाली.

तिनं घाईघाईनं फाइल उघडली, साध्या विम्याचा कागद काढला. "काकू, हा घे. डाकघरातले राहू दे तसेच. याचा वर्षाचा हप्ता काहीच नाही. काकांले काही झालं तं तुले..."

काकूनं दोन्ही कान झाकले. "पुन्हा तेच! जित्या माणसाच्या मरणाचा कागद आणला का माह्या घरात? ठेव तो आत."

मी पेन पुढे केलं. ते चाललं नाही, उन्हानं शाई सुकली होती. काकूनं तिच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि माझ्या फॉर्मवर सही केली, जीभ बाहेर काढून, शाळेतल्या पोरीसारखी सावकाश. मग म्हणाली, "पोहे खातं का वं तू?"

ती खाऊन गेली. हे मला आजही कळत नाही. बसली, पोहे खाल्ले, प्लेट धुतली आणि मग गेली.

पंधराव्या दिवशी साहेबांनी माझ्या फॉर्मांचा गठ्ठा तराजूत तोलावा तसा हातावर तोलला आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी अजून परवाना नसलेला पोरगा, त्यामुळे फॉर्मांवर एजंट म्हणून सह्या एका जुन्या एजंटाच्या झाल्या आणि कमिशन त्याला मिळालं. त्यानं त्याबद्दल मला टाय दिला. तिच्या दोन फॉर्मांचा हप्ता साहेबांनी मुद्दाम शेवटी वाचला, म्हणजे हसून वर्ग मोकळा होईल. निकाल लागला तेव्हा ती विभागात पहिली होती. मॅडमनी स्वतःच्या पैशानं पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

आज मी त्या साहेबांच्याच खुर्चीवर बसतो आणि दर उन्हाळ्यात एखाद्या कॉलेजात शंभर ओळींचे कागद वाटतो. नोकरी चांगली चाललीय. शेऱ्याचा रकाना तेवढा मी काढून टाकलाय.

त्याच वर्षी श्रावणात तिच्या काकांचा टेम्पो बंद पडला. इंजिनच गेलं. काकू ऑफिसात माझ्या टेबलाशी आली, टाचेवर टाच ठेवून खुर्चीच्या काठावर बसली, आणि डाकघरातले पैसे मागू लागली. मी तिला नियमाचा कागद दाखवला, चहा मागवला, पोराचं काय चाललंय विचारलं. टेम्पो अंगणात उभा राहिला आणि काका दुसऱ्याच्या ट्रकवर पोती चढवायला जाऊ लागले.

दिवाळीच्या आधी मी खाप्याला गेलो. माफी मागायला गेलो होतो असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मी मामांसाठी गेलो होतो. मे महिन्यात त्यांनी सही टाळली होती, आणि लग्नाची रक्कम अजून बँकेत पडून होती. मामा जेवायला घरी गेले होते. गल्ल्यावर ती बसली होती, मागे साड्यांची थप्पी, पुढे बिलबुक. दिवाळीची गर्दी. तिनं आधी तीन गिऱ्हाइकांचे सुटे दिले, मग माझ्याकडे पाहिलं.

मला गप्प बसणं जमत नाही. मी सांगून टाकलं, फोटो काढल्याचं, घराघरांत गेल्याचं. थोडं वाढवूनही सांगितलं, सवयीनं.

"मालूम हाय," ती म्हणाली.

"मग काहून नाही सांगितलं कोणाले? कंपनीत एक अर्ज टाकला असता तं माही खुर्ची गेली असती. तुले भेटली असती."

"सांगितलं ना."

"कोणाले?"

"घरी. सगळ्यांले बसवून सांगितलं. म्हटलं, अर्जावर सह्या द्या."

"मग?"

"काकू म्हणे, पोरगा हुशार हाय, त्याच्यापासून काही शिक."