खाजणावरचं लग्न

आमच्या मामाचं लग्न त्याच्या निवृत्तीला बारा दिवस उरले असताना झालं, आणि तेही घोटाभर पाण्यात. चूक सर्वस्वी मामाची. त्याला विचाराल तर तो साखळीची म्हणेल.

मामा मोजणी खात्यात नकाशे काढायचा. अक्षर मोत्यासारखं आणि हट्ट गाढवासारखा. एकदा नकाशावर शब्द लिहिला की ब्रह्मदेव आला तरी खोडणार नाही. खात्याचा नियम असा की मोजणीची साखळी चिखलात ओढायची नाही, ती गंजते. म्हणून मोजणी कायम कोरड्या दिवशी. खाडीकाठची ती सखल जमीन मामाने पाहिली तेव्हा तिला भेगा पडल्या होत्या. त्याने ऐटीत लिहिलं, 'पडीक'.

तिथे बदकं पाळणाऱ्या एक बाई राहायच्या. पडीक म्हटल्यावर त्या जागेवर हॉटेल बांधायचा अर्ज आला, तशा त्या तडक कचेरीत आल्या.

"साहेब, ते खाजण आहे. उधाणाच्या भरतीला पाणी आत येतं, ओसरलं की चिखल उरतो. खाजण म्हणतात ते यालाच. आणि खाजणावर बांधकाम करता येत नाही."

"मी स्वतः उभा राहून पाहिलंय, बाई. बूटसुद्धा ओला झाला नाही."

त्या दर आठवड्याला भांडायला येऊ लागल्या आणि मामा नेमक्या त्या दिवशी गुळगुळीत दाढी करून जाऊ लागला. आईने खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, मला इतकं छान कुणी वेड्यात काढलं नव्हतं गं." आणि सत्तावन्नाव्या वर्षी चक्क लाजला.

वर्षभर अर्ज टेबलाटेबलावरून सरकत राहिला. शेवटी मोठ्या साहेबांची सही तेवढी उरली. बाईंचं घर आणि दोनशे बदकं त्या एका शब्दावर टांगलेली. मामाची झोप उडाली, भूक मेली, पण शब्द काही खोडेना.

"बरं," बाई म्हणाल्या. "आपण लग्न करू. पण जागा आणि वेळ मी ठरवणार."

मामा हरखून हो म्हणाला. भरतीचं वेळापत्रक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

भर दुपारी त्या ठणठणीत जमिनीवर टेबल, खुर्च्या आणि अख्खं मोजणी खातं. मोठे साहेब पहिल्या रांगेत, नव्या बुटांत. नोंदणी अधिकाऱ्याने वही उघडली आणि आधी बदकं आली. चालत नव्हे, पोहत. मागोमाग पाणी. साहेबांनी पाय खुर्चीवर घेतले, अधिकाऱ्याने वही डोक्यावर धरली, आई हसता हसता खुर्चीसकट कलंडली. मला तर श्वास घेता येईना.

बाई शांत उभ्या होत्या. लग्नाच्या कपड्यांखाली त्यांनी गमबूट घातले होते. पिशवीतून त्यांनी नकाशा काढला.

मामाने पाण्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपला शब्द खोडला आणि वर सावकाश लिहिलं, 'खाजण'. साहेबांनी पाय वर धरूनच शेजारी सही केली.

मग बाईंनी पिशवीतून आणखी एक गमबुटांचा जोड काढला. "घाला. पाय भिजलेत तुमचे."

मामाने घातले. अगदी बरोबर बसले. त्याचे डोळे भरून आले.

"माझं माप कधी घेतलंत?"

"कोरड्या दिवशी," त्या म्हणाल्या, आणि वहीवर सही केली.