कंकूकाकींचा भादवा

मंडळी, आपल्या डेअरीच्या ॲपवर तिथीचा चार्ट फुकटात बसला, असं मी सांगत फिरलो. त्याची खरी किंमत आज कळली: नुकतीच जन्मलेली एक वगार.

म्हैस कधी भरवली ती तिथी सांगा, चार्ट व्यायचा दिवस दाखवतो. जिल्ह्यात असा चार्ट कुणाकडंच न्हाई, ही माझी फुशारकी.

केदारखेड्याच्या कंकूकाकी मारवाडी. त्या "भादवा बदी पंचमी" म्हणाल्या, मी भाद्रपद वद्य पंचमी भरली. पण त्यांचा महिना पौर्णिमेनंतर बदलतो, आपला अमावास्येनंतर. त्यांची भादवा बदी म्हणजे आपला श्रावण वद्य. चार्ट महिनाभर पुढं गेला.

आज सकाळी म्हैस एकटीच व्यायली. वगारीच्या नाकातोंडातला चिकटा काढायला कुणी नव्हतं. गुदमरून गेली.

"तूच बोल्ला ना भाऊ, महिना हाये म्हणून? मंग मी परतूरला लेकीकडं गेल्ते," काकी म्हणाल्या.

ज्यांनी बदीची तिथी दिली, त्यांनी चार्ट सोडा, आत्ता गोठ्यात जाऊन म्हशीची कास बघा, भरली असंल तर व्यायला आली. तुमच्या घरी महिना कधी बदलतो, तेही कळवा.

काकींच्या म्हशीपुढं चार्ट अजून "एक महिना बाकी" दाखवून राह्यला.